गोड बोलला तर पाणी ओता

८ जून

ती. ताईस,

हात जोडले आहेत. वयाचा मान म्हणून जोडले आहेत, उगाच भलता अर्थ काढू नकोस.

तुझं पत्र आणि सोबतचं वर्तमानपत्राचं कात्रण मिळालं. फोटोत तू मधोमध, हातात पाण्याचा जग, आणि चेहऱ्यावर जगाचा उद्धार करून दमल्याचा भाव. जन्मभर वॉर्डात लोकांना सुया टोचल्यास. आता मेट्रनबाई निवृत्त झाल्या, टोचायला कुणी उरलं नाही, म्हणून रस्त्यावरची माणसं धरून आणायला लागलीस काय? बंद पडलेला बॅडमिंटनचा हॉल, त्यात पंखे, ओल्या चादरी, आणि दारावर पाटी: 'बेघरांसाठी गारव्याची जागा'. तुझ्यासारख्याच चार निवृत्त नर्सा मदतीला. घरी नवऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल.

'तुझ्या गल्लीत अशा लोकांचं काय चाललंय,' असं विचारतेस. मजेत चाललंय. माझ्या बाइंडिंगच्या कारखान्याच्या पायरीवर एक बाई ठाण मांडून बसली आहे. मी तिला महाराणी म्हणतो, कारण पायरी माझी असून जाता-येता मलाच तिची परवानगी घ्यावी लागते. या उन्हात ती जाड लोकरी ओव्हरकोट घालून बसते, गळ्यापर्यंत बटणं लावून. तुझा उद्धार अशा अकलेच्या खंदकांवर खर्च होतोय, एवढंच सांगायचं होतं. ती मला चिकट्या म्हणते. खळीत हात घालून जन्म गेला त्याचं हे बक्षीस.

समोरच्या इमारतीचा सेक्रेटरी हा दुसरा नमुना. त्यानं दुकानांच्या कट्ट्यांवर लोखंडी खिळे बसवून घेतले, कुणी टेकू नये म्हणून. कोपऱ्यावरचा सार्वजनिक नळही त्यानंच खटपट करून बंद पाडला. आता माझ्या पायरीवरही खिळे बसवू द्या म्हणून मागे लागलाय. मी अजून हो म्हटलेलं नाही, पण म्हणून टाकीन. त्या बाईची कटकट तरी जाईल.

माझी काळजी करू नकोस. मी वरच्या माझ्या खोलीत आहे. पत्रा तापतो, पण डोक्यावर छप्पर आहे. कारखाना बंदच असतो. डोळे अधू झाल्यावर दाभणात दोरा कोण ओवणार?

फोन करू नकोस. तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलायचा कंटाळा आहे.

तुझा धाकटा


१२ जून

चि. धाकट्यास,

आशीर्वाद देते, पण तुझ्या पत्रानंतर तो जरा घशातच अडकतोय.

अकलेचा खंदक तू आहेस. त्या बाईनं कोट काढून कुठे ठेवायचा? तुझ्या कपाटात? रस्त्यावर राहणाऱ्या माणसानं वस्तू अंगावरून उतरवली की ती गेलीच. थंडीत तो कोट तुझा बाप देणार आहे का तिला? माझ्या हॉलमध्येही पहिले काही दिवस कुणी फिरकलं नाही. आमच्यातल्या एका अतिशहाणीनं 'सामान बाहेर ठेवा' अशी पाटी लावली होती. लोक बाहेर उन्हात आपापल्या गाठोड्यांवर बसून आत चाललेले पंखे बघत होते. पाटी मी फाडली. मग गाठोडी आली, एक कुत्रं आलं, आणि एक म्हातारा तर हातगाडीच घेऊन आत शिरला. हॉलला उकिरड्याचा वास येतो आणि माणसं जिवंत आहेत. मला एवढं पुरतं.

आता ऐक. तुझा कारखाना तळमजल्याला आहे. भिंती जाड, खाली दगडी फरशी, कागद खराब होऊ नये म्हणून आपल्या वडिलांनी मुद्दाम तशी जागा निवडली होती. ती जागा कुलपात ठेवून तू वर पत्र्याखाली भाजून घेतोस आणि वर मला अक्कल शिकवतोस. उंटावरून शेळ्या हाकू नकोस. दुपारी कारखान्याचं दार उघड. पाण्याची घागर भरून ठेव. कुणाला धर्मशाळा काढायला सांगत नाही, दार उघडायला सांगतेय. तेवढी कडी तुझ्या डोळ्यांना दिसत असेल.

आणि छपराचा गर्व सोड. तापलेल्या पत्र्याखालची माणसं मी वॉर्डात पाहिली आहेत. त्यांचंही छप्पर शाबूत होतं.

खिळ्यांना हो म्हणालास तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस.

ताई


१९ जून

ती. ताईस,

नमस्कार. तुझा सल्ला मी केराच्या टोपलीत टाकला होता. हे आधी स्पष्ट करतो, नाहीतर पुढचं वाचून तुला वाटेल की तुझ्यामुळे काही घडलं.

आमच्या गल्लीत एक बूटवाला म्हातारा होता. बँकेच्या भिंतीला टेकून बूट शिवायचा आणि तिथेच झोपायचा. यंदा पावसाचा पत्ता नाही; सोमवारी ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. म्हातारा एटीएमच्या काचेच्या खोलीत जाऊन बसला. तिथे थंड हवा असते, नोटांना उकडू नये म्हणून. पहारेकऱ्यानं त्याला हुसकून लावलं. मग तो फुटपाथवर आडवा झाला आणि दुपारभर तसाच होता. येणारे-जाणारे नाक मुरडून वळसा घालत होते. दारू प्यायला असेल, असं सगळ्या गल्लीचं एकमत. आमच्या गल्लीचं एकमत फक्त अशाच गोष्टीवर होतं. संध्याकाळी महाराणीनं जाऊन त्याला हलवलं, तेव्हा तो गेलेला होता.

माणसं जमली. सेक्रेटरीही आला, इस्त्रीचा शर्ट घालून. म्हणाला, "वेळेवर हाकललं असतं तर आपल्या दारात मेला नसता."

ताई, मला लोकांचा तिटकारा आहे हे तू जाणतेस. पण तिटकाऱ्यालाही काही दर्जा असतो की नाही? त्या माणसाचं तोंड पाहून माझ्या अंगाची लाही झाली. मी त्याच्यासमोर खिशातून किल्ली काढली आणि कारखान्याचं दार सताड उघडलं. म्हटलं, "ज्याला ऊन लागतंय त्यानं आत या." सेक्रेटरी म्हणाला, "काका, हा रहिवासी भाग आहे." मी म्हटलं, "म्हणूनच. राहायला बोलावतोय."

तेव्हा मी दार उघडलं ते त्याचा चेहरा आंबट व्हावा म्हणून. तुझ्या माणुसकीचा त्यात काडीचा संबंध नाही.

आता रोज दुपारी आत एक लंगडा चावीवाला असतो आणि त्याच्याबरोबर एक नवरा-बायको, जी एकमेकांशीही बोलत नाहीत. कटिंग मशीनच्या मागे फरशीवर पडून असतात. चावीवाल्यानं माझ्या कपाटाचं कुलूप न विचारता दुरुस्त केलं, आता ते उघडतच नाही.

आणि ती महाराणी? आमंत्रण दिलं तर म्हणते, "तुझ्या खुराड्यात येऊ? मी आत गेले की तू पायरीवर खिळे ठोकशील." म्हटलं, ठोकणार नाही. म्हणाली, "चिकट्या, तुझ्या शब्दापेक्षा तुझी खळ बरी, ती निदान सुकेपर्यंत तरी टिकते." अशी ही गरजू, दुबळी, असहाय जनता! बसली आहे उन्हात, कोट घालून. मरेल आणि माझ्या नावानं खडे फोडेल.

धाकटा


२३ जून

चि. धाकट्यास,

तू दार कुणाच्या नाकावर टिच्चून उघडलंस याच्याशी मला कर्तव्य नाही. उघडं ठेव.

बूटवाल्याचं वाचलं. तो झोपलेला नव्हता रे. कुणी जवळ जाऊन एक हाक मारली असती तर कळलं असतं. म्हणून आता नीट वाच आणि तुझ्या त्या दरबारालाही वाचून दाखव.

ऊन डोक्यात गेलं की माणूस आधी बावचळतो. घाम थांबतो, कातडी चुलीसारखी तापते. बोलणं बदलतं. तापट माणूस एकदम मऊ पडतो, शांत माणूस अंगावर धावतो. स्वभाव बदलला की समज, वेळ कमी आहे. तसं दिसलं तर सावलीत गार फरशीवर न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, ओली फडकी मानेवर, काखेत ठेवा आणि जोरात वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, छातीत जाईल. आणि दवाखान्यात पोचवा, 'जरा बघू' म्हणत बसू नका.

तुझी महाराणी आत येत नाही ना? मग रोज तिला हाक मार. सकाळी, दुपारी, उन्हं कलताना. तू प्रेमानं हाक मारणार नाहीस हे मला माहीत आहे, तर तुझ्या पद्धतीनं मार. तिनं उलट सणसणीत शिवी दिली, आणि शिवीतला शब्द न् शब्द जागच्या जागी बसला, तर बाई ठीक आहे. ती कधी गोड बोलली, तर बादली घेऊन धाव.

आणि दुपारी तूही खाली झोपत जा.

ताई


३० जून

ती. ताईस,

दंडवत. तुझा हुकूमनामा मी खिडकीत उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा वाचून दाखवला. "ऐका हो ऐका, मेट्रनबाईंचं फर्मान! गोड बोलला तर पाणी ओता!" समोरच्या गॅलऱ्यांत बायका हसल्या. महाराणी म्हणाली, "मग याच्या अंगावर जन्मात थेंब पडायचा नाही."

तेव्हापासून आमचा नेम चालू आहे. सकाळी मी खिडकीतून ओरडतो, "काय महाराणी, सिंहासन तापलं का?" ती खालून, "तुझ्या टकलाइतकं नाही, चिकट्या." दुपारी मी विचारतो, "अजून आहेस का?" ती म्हणते, "तुझ्या तेराव्याचं आमंत्रण आल्याशिवाय जायची नाही." संध्याकाळी तीच आधी सुरुवात करते. काल मला उत्तर द्यायला उशीर झाला तर तिनं खिडकीवर खडा मारला. काच फुटली असती. अशा लोकांना आपण वाचवायचं!

परवा मदत करणाऱ्यांचं एक टोळकं आलं. तरुण मुलं-मुली, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या. महाराणीच्या हातात पाण्याची बाटली दिली, तिच्या शेजारी बसून दात काढत फोटो काढले, आणि एका मुलीनं डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "आजी, तुमची कहाणी सांगाल का?" महाराणी म्हणाली, "बाटली आणखी चार दे, कहाणी माझ्या मालकाकडे वर आहे." आणि माझ्या खिडकीकडे बोट दाखवलं. ती सगळी वरात जिना चढून माझ्या खोलीत! त्यांना हाकलताना माझा जीव अर्धा झाला.

तू खाली झोपायचं म्हणतेस. ताई, दार उघडलं म्हणजे मी त्यांच्यातला झालो नाही. त्या चावीवाल्याच्या घोरण्याशेजारी फरशीवर आडवा होऊ? मला घर आहे, पलंग आहे. उद्या सेक्रेटरी म्हणेल, काकाही रस्त्यावर आले. पंखा बंद पडलाय, चावीवाला दुरुस्त करतो म्हणतो, पण कपाटाचा अनुभव घेतल्यावर मी त्याला हात लावू देणार नाही. दुपारी वीज तशीही जाते. माझं ठीक चाललंय. जेवण जात नाही, पण या वयात कुणाला जातं? पोटऱ्यांत गोळे येतात. रक्तदाबाची गोळी आहेच, ती घेतली की सारखं उठावं लागतं, म्हणून पाणी कमीच पितो. घामाचा त्रास मात्र दोन दिवसांपासून एकदम थांबलाय, बरंच झालं. शरीर सरावलं असणार.

धाकटा


३ जुलै

धाकट्या,

घाम थांबला म्हणजे बरं झालं? माझं सगळं पत्र गल्लीला वाचून दाखवलंस आणि स्वतः एक अक्षर वाचलं नाहीस?

हे पत्र हातात पडेल तसा उठ आणि खाली जाऊन फरशीवर झोप. घोरणाऱ्याच्या शेजारी, भुंकणाऱ्याच्या शेजारी, कुणाच्याही शेजारी. अंगावर ओलं फडकं घे. पाणी पी. आजच डॉक्टरांना गाठून त्या गोळीचं विचार. सेक्रेटरी काय म्हणेल याची तुला पडली आहे? ज्याच्या तोंडावर तू दार उघडलंस, त्याच्याच भीतीनं तू त्या दारातून आत जात नाहीस. असला मूर्ख आपल्या घराण्यात दुसरा झाला नाही, आणि आपल्या घराण्यात स्पर्धा काही कमी नव्हती.

फोन लावला, तर तू उचलत नाहीस. इथे हॉल भरून गेलाय, मला हलता येत नाही. नाहीतर कानाला धरून खाली आणला असता.

ताई


५ जुलै

प्रिय प्रिय ताई,

तू किती चांगली आहेस. मी आज सकाळपासून हाच विचार करतोय. सगळेच किती चांगले आहेत. सेक्रेटरीसाहेब मनानं फार निर्मळ आहेत, मी त्यांना उगाच दुखावलं. खिळेही छान चकचकीत आहेत.

पायरीवरच्या ताईंना मी आज ओरडलो नाही. त्या बिचाऱ्या उन्हात बसतात. मी त्यांच्यासाठी सरबत करायला आईला सांगितलंय. आई स्वयंपाकघरात आहे, भांड्यांचा आवाज येतोय. तूही शाळेतून लवकर ये.

सगळं पुस्तक उलटं शिवलं गेलंय, पण हरकत नाही, छान दिसतंय. हे पत्र मी स्वतः पेटीत टाकायला जातोय.

तुझा तुझा


७ जुलै

मेट्रनबाई,

तुमच्या भावाचं पत्र सोबत आहे. ते आधी वाचलं असेल तर घाबरला असाल. बरोबरच घाबरलात, पण आता गरज नाही. माणूस आहे.

पत्र मी वाचलंय, उघडंच होतं. पाकिटावर पत्ता लिहिलेला होता म्हणून हे लिहिते. पेन्सिल आणि कागद त्याच्याच कारखान्यातला, विचारून घेतलेला नाही.

परवा सकाळी त्याची शिवी आली नाही. मी दोनदा ओरडले. मग खडा मारला, काच फुटली, तरी तोंड उघडलं नाही. मला वाटलं, रुसला असेल, त्याची खोड आहे. भर दुपारी जिन्यावरून उतरला, उघड्या डोक्यानं, हातात पत्र. माझ्यासमोर उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "ताई, आपण आत बसता का? आपल्याला ऊन लागेल." आपण! मी ताडकन उठले. हात धरून पाहिला तर तवा. घाम नावाला नाही.

मग काय करायचं ते सगळ्या गल्लीला पाठ होतं, त्यानंच बोंबलून शिकवलेलं. चावीवाल्यानं पाय धरले, मी खांदे. चिकट्या दिसतो काटकुळा, पण हाडं शिशाची आहेत. कारखान्यात फरशीवर टाकला, घागर डोक्यावर उपडी केली, बाइंडिंगचं कापड भिजवून मानेला आणि काखेत लावलं. त्या न बोलणाऱ्या जोडप्यानं दोन पुठ्ठे घेऊन असा वारा घातला की कागद उडाले. बायको नवऱ्याला म्हणाली, "जोरात." एवढ्या दिवसांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. समोरची एक शहाणी बाई त्याच्या तोंडात सरबत ओतायला आली, तिला मी हाकललं.

रुग्णवाहिका येईना. सेक्रेटरी गाडी काढून कुठेतरी निघाला होता. मी गाडीपुढे उभी राहिले. म्हणाला, "सीट नवीन आहेत." मी म्हटलं, "कोटासकट तुझ्या बोनेटवर झोपेन, मग गाडीही विकावी लागेल." तेव्हा दार उघडलं. भिजलेला चिकट्या नव्या सीटवर आडवा, आणि सारखं म्हणत होता, "साहेब, आपण फार चांगले." सेक्रेटरीचं तोंड बघण्यासारखं होतं.

आज दवाखान्यात शुद्धीवर नीट आलाय. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर संपलं होतं. गोळी बदलली आहे. मला पाहून पहिलं वाक्य बोलला, "माझ्या पायरीवर कोण बसलंय?" म्हटलं, खिळे बसलेत. तेव्हा त्यानं मला जी शिवी दिली ती इथे लिहिता येत नाही. नर्सबाई दचकल्या. मी हुश्श केलं.

तो परत येईपर्यंत किल्ली माझ्याकडे आहे. कारखान्यात उंदरांचा वास येतो, हे त्याला कळवा.

माझं नाव विचारू नका. कहाणीही नको. दोन्ही मागायला दर आठवड्याला लोक येतात.

पायरीवरची


१० जुलै

आदरणीय बाई,

माझा भाऊ तुम्हाला ज्या नावानं हाक मारतो ते लिहायची मला लाज वाटते, म्हणून नुसतं बाई लिहिते.

त्याचं पत्र मी आधी वाचलं. आमची आई जाऊन किती वर्षं झाली! स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज वाचला आणि कळलं, ऊन त्याच्या डोक्यात गेलंय. चाळीस वर्षं वॉर्डात न रडलेली बाई मी, त्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यांसमोर रडले. मग तुमचं पत्र वाचलं आणि पुन्हा रडले. तुम्ही माझा भाऊ मला परत दिलात. याला आभार हा शब्द अपुरा आहे.

सोबत पार्सल आहे. आमच्या हॉलमधल्या एका नर्सनं शिवलेला सुती अंगरखा आहे, कोटाइतकाच लांब. आतून खिसे आहेत, बटणांचे, खोल. कोटात जे जे ठेवता ते सगळं यात मावेल. उन्हाळ्यापुरता हा घालून बघा.

एक विनंती करते. तो आता अशक्त असेल, वयही झालंय. थोडे दिवस त्याच्याशी जरा सौम्य बोलाल का? त्याची जीभ कडू आहे, तुम्ही मनावर घेऊ नका. दोन गोड शब्दांनी त्याला बरं वाटेल.

सोबतची चिठ्ठी त्याला द्यावी.

आपली,
त्याची ताई

(चिठ्ठी)

धाकट्या, माझ्या सोन्या,
तू आहेस, एवढं पुरे. मी तुला आजवर फार टोचून बोलले. आता बोलणार नाही. तू मनानं लोण्यासारखा आहेस हे मला लहानपणापासून माहीत आहे. जप रे राजा.
तुझी ताई


१७ जुलै

ती. ताईस,

नमस्कार. या वेळी जरासा मनापासून आहे, पण सवय लावून घेऊ नकोस.

मी घरी आलो. घरी म्हणजे कारखान्यात. कटिंग मशीनच्या पुढची फरशी माझी, मागची चावीवाल्याची. तो घोरतोच. सेक्रेटरी येऊन विचारून गेला, "काका, तुम्हीही यांच्यातच?" म्हटलं, "हो. तुमच्या गाडीत बसल्यापासून माझी पातळी घसरली." खिळ्यांचं त्यानं पुन्हा काढलं. मी त्याला सांगितलं की माझ्या पायरीला खिळा लागला तर तोच उपटून तुमच्या टायरात लावीन. गेला बापडा. सीटला अजून खळीचा वास येतो म्हणे.

आता तू केलेल्या घाणीबद्दल.

परवा दुपारी मी दारात खुर्ची टाकून बसलो होतो. पाऊस अजून बेपत्ता, ऊन मी म्हणत होतं. महाराणी पायरीवर, गळ्यापर्यंत बटणं लावून. मी नेमाप्रमाणे ओरडलो, "काय महाराणी, अजून शिजली नाहीस?" ती वळली. माझ्याकडे बघून मंद हसली आणि म्हणाली, "नमस्कार. आज आपल्याला बरं वाटतंय ना? काळजी घ्या हं."

ताई, गोड बोलली! मला समोर तो बूटवाला दिसला. खुर्ची उलथी पडली, चष्मा कुठे गेला कळलं नाही. मी घागर उचलली आणि अख्खी तिच्या डोक्यावर ओतली. मग दुसरी. चावीवाल्याला ओरडलो, पुठ्ठे आण, फडकी आण, सेक्रेटरीला गाडी काढायला सांग! तिचे खांदे धरून आत ओढायला लागलो. मी रडत होतो असं चावीवाला सांगतो. चावीवाला खोटारडा आहे.

ती निथळत उभी राहिली. आणि तिनं तोंड उघडलं.

काय सांगू तुला! माझ्या टकलापासून सुरुवात केली, मग माझी खळ, माझे डोळे, माझं घराणं, मग तू, तुझा बॅडमिंटनचा हॉल, पुन्हा मी. गॅलऱ्या भरल्या. मध्ये श्वासही घेतला नाही. एक शब्द इकडचा तिकडे नाही, प्रत्येक शिवी जागच्या जागी. मी तिथे ओल्या फरशीवर बसून ऐकत राहिलो. इतकं सुंदर मी आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. शेवटी ती दमली आणि म्हणाली, "तुझ्या बहिणीनं गोड बोलायला सांगितलं होतं रे, मुडद्या!"

चाळीस वर्षांची मेट्रन ना तू? नियम स्वतःच करायचा आणि स्वतःच मोडायचा? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, तशातली गत. पुन्हा माझ्या माणसांना गोड बोलायला शिकवू नकोस. एखाद्याचा जीव जाईल.

कोट भिजून मणाचा झाला होता. अंगावर ठेवणं शक्यच नव्हतं. ती आत आली, पडद्यामागे गेली, आणि तुझा तो सुती अंगरखा घालून बाहेर आली. खिसे फुगलेले. कोटाशिवाय ती एवढीशी आहे, ताई. चिमणीएवढी. मी बघतच राहिलो तर म्हणाली, "डोळे फोडीन."

पुस्तकं वाळत घालायच्या माझ्या दोरीवर तिचा कोट वाळतोय. इथल्या गार हवेत तो सुकायला बराच वेळ लागेल. ती आतल्या फरशीवर झोपली आहे, दार उघडं आहे, आणि कोटाची राखण करायला मला बसवलंय. पायरीकडेही लक्ष ठेवायचा हुकूम आहे. "हात लावलास तर हात तोडीन," असं दर थोड्या वेळानं झोपेतच बजावते. तसला कोट चोरायला चोराला आधी नाक कापून यावं लागेल, असं मी उत्तर देतो. म्हणजे आम्ही दोघंही ठीक आहोत.

ठीक नाहीस ती तू. तुझी चिठ्ठी मिळाली. 'सोन्या', 'राजा', 'लोणी', आणि टोचून बोलणार नाही! ती वाचल्यापासून माझा डोळा लागलेला नाही. तुझा हॉल तापलाय का? पाणी पितेस ना? घाम येतो ना? हे पत्र हातात पडताच डोक्यावर बादली ओतून घे आणि मला एक सणसणीत शिवी लिहून पाठव. ती येईपर्यंत मला चैन पडणार नाही.

धाकटा